कानातली बाई

आमच्या घरात माझं नाव म्हणजे नाकाच्या शेंड्यावर ठेवलेलं बोट. राग कायम नाकावर असतो म्हणून धाकट्या बहिणीनं ते लहानपणीच ठरवून टाकलं, आणि मी कितीही आदळआपट केली तरी बदललं नाही. ती जन्मापासून बहिरी. कोल्हापुरात बहिऱ्या मुलांची शाळा तेव्हाही होती, पण पोरीला वसतिगृहात ठेवायची म्हटल्यावर बाबांनी साफ नकार दिला. मग आई, ती आणि मी, आम्ही घरातल्या घरात खुणा करत गेलो. रविवार म्हणजे मटणाची नळी चोखायची. गॅसवाला म्हणजे खांद्यावर ओझं घेऊन वाकायचं. आई म्हणजे कमरेला पदर खोचायचा, कारण आईला पदर खोचल्याशिवाय कुणी बघितलंच नव्हतं. बाबांना ह्यातलं काही जमलं नाही. ते आपले तिच्याशी जन्मभर मोठ्यानं बोलत राहिले.

बाबा गेले, मग आई गेली. आईच्या मागं ही भाषा येणारी जगात आम्ही दोघीच राहिलो, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. मी लग्न होऊन गडहिंग्लजला नांदत होते. नवरा वारल्यावर उचगावला माहेरी परत आले आणि घराच्या पुढच्या खोलीत आम्ही ब्लाउज शिवायला सुरुवात केली. मापं घेणं, कापणं आणि गिऱ्हाइकांशी भांडणं माझ्याकडं, शिलाई तिच्याकडं. तिच्या हातात सफाई आहे, आणि माझ्या तोंडात, असं गल्लीत म्हणायचे. आमचं बरं चाललं होतं.

मग संध्याकाळी मी दारातल्या मोटारसायकलींवर आपटायला लागले. आधी गाडीवाल्यांना शिव्या घातल्या. मग खोलीतला बल्ब बदलला, त्याच्यापेक्षा मोठा लावला, तरी कोपऱ्यातलं दिसेना. शेवटी जयसिंगपूरच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले. एकटीच. बहिणीला सांगितलं, अस्तराचं कापड आणायला चालले. डॉक्टर भला माणूस होता. घोळवून घोळवून सांगितलं त्यानं. पडद्याचा आजार आहे, अंधारातलं आधी जातं, मग बाजूचं, सगळ्यात शेवटी मधलं. ह्याच्यावर औषध नाही. मी त्याला एवढंच विचारलं, की समोर बसलेल्या माणसाचे हात हललेले मला कुठवर दिसतील. त्याला वाटलं मी शिवणकामाबद्दल विचारते. तो म्हणाला, तसं सांगता येत नाही.

परत येताना एसटीत खिडकीशी बसून मी नुसता उसाकडं बघत होते. खरं सांगायचं तर मला माझं एवढं वाटलं नाही. आंधळी बाई बोलू शकते, ऐकू शकते, कुणाला हाक मारू शकते. पण माझ्या बहिणीचं बोलणं माझ्या डोळ्यांत येऊन पडतं. डोळेच गेले तर ते कुठं पडणार? ह्या विचारात माझा थांबा गेला तरी मला कळलं नाही. पुढं उतरून चालत परत आले. तिला म्हटलं, कापड मिळालं नाही.

डोळ्यांचं मात्र लपवता येण्यासारखं नव्हतं, तेव्हा मोतीबिंदू आहे, पिकला की काढतील, असं सांगून मोकळी झाले. तिनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? बाहेरच्या जगाचं तिला जे काही ठाऊक होतं ते माझ्याच हातांनी सांगितलेलं.

त्यातच आमच्या एका गिऱ्हाइकाकडनं नाटकाचं कळलं. ह्या बाई बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवतात, ब्लाउज मात्र कधी वेळेवर न्यायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, रविवारी दुपारी शहरात एक खास प्रयोग आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी रंगमंचाच्या कडेला एकजण उभा राहून सगळं नाटक हातांनी सांगणार. ज्यांना दिसत नाही त्यांच्या कानात यंत्र देणार, त्यात एक बाई स्टेजवर काय चाललंय ते सांगत राहणार. दूरदूरनं माणसं येणारेत. तुमच्या बहिणीला आणा की.

मी रात्रंदिवस ज्या काळजीत होते तिच्यावर देवानं... देवाचं नाव आमच्या घरात कुणी काढत नाही, पण कुणीतरी उत्तर पाठवलं असं मला वाटलं. हातांनी बोलणारी एवढी माणसं एका जागी! तिथं तिची ओळख होईल, मैत्रिणी होतील, कुणाकुणाकडं जाणंयेणं सुरू होईल. माझे डोळे जातील तेव्हा जातील, हिला दुसरे डोळे मिळालेले असतील. तिला मात्र काही जायचं नव्हतं. दोन दिवस तिनं माझ्याशी वाद घातला. नाटकात मला काय कळणार, रविवारी नळी चोखायची सोडून तिकडं कुठं, असं तिचं चाललं होतं. मी नाकावर बोट ठेवलं, म्हणजे आता मी चिडणार अशी धमकी दिली, तेव्हा तयार झाली. हिरवी साडी नेसली.

थिएटरच्या आवारात शिरलो आणि ती जागच्या जागी थांबली. मीसुद्धा. चारी बाजूंना हात चालले होते. पोरं, म्हातारी, जोडपी, सगळी हातांनी बोलत होती, हसत होती, एकमेकांच्या खांद्यावर टपली मारून आपल्याकडं बघायला लावत होती. आणि आवाज म्हणाल तर नुसता चपलांचा. दुपारच्या उन्हात मला सगळं नीट दिसत होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. पलीकडं पांढऱ्या काठ्या घेतलेली माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून एका ओळीत आत चालली होती. मी तिकडनं मान फिरवली.

एक माणूस हसत पुढं आला आणि बहिणीशी हातांनी काहीतरी बोलला. झरझर, सफाईनं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मला काय बघतेस, त्यांच्याशी बोल. तिनं घाबरत आमच्या खुणांत सांगितलं, की आम्ही उचगावच्या, ब्लाउज शिवतो, ही माझी बहीण. माझ्यासाठी नाकावर बोट. तो माणूस बघत राहिला. पुन्हा काहीतरी बोलला, ह्या वेळी सावकाश, लहान पोराशी बोलावं तसं. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मग तो मायेनं हसला, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि आपल्या माणसांत निघून गेला.

मी काय समजले होते? हातानं बोलणं म्हणजे हातानं बोलणं, ते सगळीकडं सारखंच असणार. इतक्या वर्षांत हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, की शाळेत शिकवतात ती खुणांची भाषा वेगळी आणि आमची घरातली वेगळी. आमच्या नळी चोखण्याला तिथं रविवार कोण म्हणणार? बहिणीनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. एवढ्या हातांच्या गर्दीत माझी बहीण एकटी गप होती. मला स्वतःचाच असा राग आला की काय सांगू.

दाराशी छातीवर बिल्ला लावलेली एक बाई लोकांना बसवत होती. बहिऱ्यांना डावीकडं, कारण हातांनी सांगणारा त्या बाजूला उभा राहणार. अंधांना उजवीकडं, तिथं कानातली यंत्रं वाटत होते. मी दारातनं आतल्या अंधारात पाय टाकला आणि पहिल्याच पायरीला अडखळले. बाईनं दंडाला धरून सावरलं आणि विचारलं, "मावशी, तुम्ही कुठल्या बाजूच्या?"

मी म्हटलं, "कुठल्याच बाजूची न्हाई. हिची बहीण हाय मी."

पण आतला अंधार बघून माझा जीव घाबरा झाला होता. बहिणीला आता हातांनी सांगणाऱ्याचं काही समजणार नव्हतं, म्हणजे नाटकभर ती मलाच विचारणार होती. आमची ही सवय जुनी आहे. टीव्ही असो, भाषण असो, लग्नातली मंगलाष्टकं असोत, तिनं कोपरानं ढोसायचं आणि मी मांडीवर हात ठेवून तिला सांगायचं. ऐकू मला येतच होतं. पण स्टेजवर कोण कुणाशी बोलतंय हेच मला दिसलं नाही, तर तिला सांगणार काय? बहीण खुर्ची शोधण्यात गुंतली तेव्हा मी बिल्लेवाल्या बाईला बाजूला घेतलं. तसलं एक यंत्र मलाही द्या म्हटलं. ती म्हणाली, ते ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आहे. मी म्हटलं, व्हय, त्यांच्यासाठीच मागतोय. आयुष्यात पहिल्यांदा हे माझ्या तोंडातनं बाहेर पडलं, आणि तेही एका अनोळखी बाईपुढं. तिनं एका शब्दानं काही विचारलं नाही. यंत्र दिलं. मी ते माझ्या, बहिणीला दिसणार नाही अशा, पलीकडच्या कानात घातलं आणि वरनं पदर घेतला.

दिवे गेले आणि मला स्टेज म्हणजे नुसता एक पिवळट डाग दिसायला लागला. शेजारी बहीण आहे हे तिच्या नव्या साडीच्या वासावरनं कळत होतं. कानात एक बाई बोलायला लागली. हळू, थंड आवाज. एक जुनं घर आहे. एक बाई एकटी राहते. रोज संध्याकाळी घरातली एखादी वस्तू तिनं ठेवली होती तिथं नसते. मला असली नाटकं आवडत नाहीत, भीती विकत कशाला घ्यायची?

थोड्याच वेळात कोपर आलं. मी मांडीवर हात घेतले आणि सुरू झाले. स्टेजवरच्या उजेडात माझे हात तिला दिसत होते, तिचे मला दिसत नव्हते, पण ते तिला कुठं ठाऊक होतं? शेजारीण आली, म्हणते दार लावून घे. ही म्हणते, लावलं होतं. असं मी सांगत गेले. मधेमधे ती काहीतरी विचारायची, म्हणजे तिच्या बांगड्या वाजायच्या, आणि मी अंदाजानं मान हलवायची. निभावलं, असं मला वाटलं. वाटलं आणि मी सुटलेच. कानातली बाई जे म्हणेल ते माझ्या हातात उतरायला लागलं. ती खिडकीपाशी गेली. तिनं पडदा सारला. तांब्या उचलला, खाली ठेवला.

एवढी मी शहाणी, पण हे माझ्या ध्यानात आलं नाही, की बहीण बहिरी आहे, आंधळी नाही. खिडकी, पडदा, तांब्या तिला माझ्यापेक्षा शंभर पट चांगलं दिसत होतं. तिच्या बांगड्या थांबल्या. ती आता स्टेज सोडून माझ्या हातांकडं बघत असणार.

आणि कानातली बाई म्हणाली, "दिवे मंद होतात. ती पाठमोरी बसली आहे. मागचं दार उघडतं आणि एक माणूस आत येतो. तिला तो दिसत नाही."

मी ते तसंच्या तसं सांगितलं. मागचं दार उघडलं, एक माणूस आत आला. माझे हात थांबल्यावर एक क्षण काहीच झालं नाही. मग स्टेजवर दाराची कडी वाजली आणि थिएटरभर माणसांनी श्वास आत ओढला. कानातली बाई जरा आधीच सांगते, तशी त्यांची पद्धतच असते, म्हणजे ऐकणाऱ्याला घडताना कळावं. आणि मी, दार उघडायच्या आधी, दार उघडलं म्हणून माझ्या बहिणीला सांगितलं होतं.

तिनं माझं मनगट धरलं. घट्ट. तसंच धरून ठेवलं आणि दुसरा हात माझ्या खांद्यावरनं, मानेवरनं, पदराच्या आतनं कानापर्यंत गेला. तिला यंत्र सापडलं. ते तिनं बोटांत धरून पाहिलं, काढलं नाही. मग मनगट सोडलं. तिच्या बांगड्या पुन्हा वाजल्या, माझ्या अगदी जवळ. ती काहीतरी विचारत होती. मला वाटलं, हे यंत्र ऐकायचं आहे का असं विचारते. मी मान हलवली. हो.

मध्यंतरापर्यंत ती पुन्हा हलली नाही. मी सांगत राहिले, हात दुखेपर्यंत, पण कोण बघत होतं कुणास ठाऊक. दिवे लागले तशी तिनं मला दंडाला धरून बाहेर आणलं, व्हरांड्यातल्या ट्यूबलाईटखाली भिंतीला पाठ लावून उभी केली आणि स्वतः समोर उभी राहिली. चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं सावकाश, एकेक खूण सुटी करून सांगितलं.

"आत मी तुला विचारलं, आई घरी आपली वाट बघत असंल का. तू हो म्हणालीस."

गेलेल्या आईसाठी तिनं कमरेला पदर खोचला होता, माझ्या शेजारी, चार बोटांवर, आणि मला तो दिसला नव्हता. आता लपवायचं तरी काय राहिलं? पण मी मीच. मला रडू यायच्या आधी राग आला. मी हात आपटून म्हटलं, मग काय करायला पाहिजे होतं, सांगून डोळे परत येणार होते? तुझा जीव टांगणीला लावायचा होता? मोतीबिंदू नाही, पडद्याचं आहे, औषध नाही, झालं समाधान? आजूबाजूची माणसं बघायला लागली. तिथं सगळ्यांना हातांचं भांडण कळत होतं, भाषा कळत नसली तरी.

तिनं मला पुरतं भांडू दिलं. मग विचारलं, दिवसा मी दिसते? मी म्हटलं, समोर असलीस तर. पुढं? मी म्हटलं, डॉक्टर सांगत नाही.

गल्लीतली माणसं तिला मुकी म्हणतात. तोंडावर म्हणतात, तिला ऐकू येत नाही म्हणून. आमच्या घरात मात्र त्या शब्दाला खूण नव्हती. लागलीच नाही कधी, कारण ती दिवसभर बोलायची, माझ्यापेक्षा जास्त. त्या ट्यूबलाईटखाली तिनं ती खूण केली. दोन्ही हात पुढं धरले, मला नीट दिसावेत असे, आणि एका हातानं दुसऱ्याची बोटं एकेक करून मिटली. मग दुसऱ्यानं पहिल्याची. दोन मुठी छातीशी धरून ती म्हणाली, म्हणजे मानेनं, डोळ्यांनी, "तुझे डोळे गेले की मी अशी."

मी तिच्या मुठी उघडायला गेले. तिनं उघडू दिल्या नाहीत.

घंटा झाली. मला वाटलं आता ती घरी चल म्हणेल. पण तिनं माझा हात धरून मला परत आत नेलं. पायरी आली की माझा हात दाबायची. आमच्या खुर्च्या मागं होत्या, त्या सोडून ती पुढं पुढं गेली आणि हातांनी सांगणारा उभा राहतो त्याच्या अगदी समोर, पहिल्या रांगेत आम्ही बसलो. माझ्या कानातलं यंत्र सैल झालं होतं. तिनं ते स्वतः नीट बसवलं.

अंधार झाला. थंड आवाज पुन्हा सुरू झाला, ती बाई जिना चढते, ती दिव्याची काच पुसते. मी मांडीवर हात तयार ठेवले होते. पण बहिणीनं मला काही विचारलं नाही. एकदाही नाही. बराच वेळ गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की तिचा दंड माझ्या दंडाला लागून बारीक बारीक हलतोय. थांबतो, पुन्हा हलतो. बांगड्या तिनं वर सारल्या असाव्यात, आवाज नव्हता. ती समोरच्या माणसाचे हात बघत होती आणि एकही खूण कळत नसताना, तो करेल तसं आपल्या मांडीवर करत होती. पहिलीच्या पोरीनं शेजारणीच्या पाटीकडं बघून अक्षर गिरवावं तसं.

कानातली बाई मला स्टेजवरचं सगळं सांगत होती. माझ्या शेजारी काय चाललंय ते सांगायला कुणी नव्हतं. म्हणून मी अंधारात चाचपत माझा हात तिच्या हातावर ठेवला. ती कुठलं अक्षर करते, कुठला शब्द, निदान कळावं म्हणून. क्षणभर तिची बोटं माझ्या हाताखाली थांबली. मग तिनं माझा हात उचलला, हळूच, रागानं नाही, आणि माझ्याच मांडीवर परत ठेवला. तो तिच्या आड येत होता.

ह्याच्यासाठीच आणलं होतं मी तिला. स्टेजवर कोण कुठल्या दारानं आलं आणि कोण गेलं ते मला पुढं काही कळलं नाही. मी रडत होते, आणि माझ्या दंडाला तिचा दंड लागत होता, हलत होता.